आजीच्या अक्षरात

१२ जुलै

धाकट्या,

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडतो. कागदावर निदान एकाचं बोलणं पुरं होतं.

तुझ्या भाचीने मला तोंड दाखवायला जागा ठेवलेली नाही. परवा आमच्या लॅबच्या मॅडम घरी चहाला आल्या होत्या. त्यांना नुकताच नातू झालाय. फोटो दाखवून त्यांनी भिंगरीला विचारलं, "गोड आहे ना गं?" भिंगरीने फोटो नीट निरखला आणि म्हणाली, "उकडलेल्या बटाट्यासारखा आहे." मॅडमनी चहा अर्धा टाकला. नंतर कळलं, बाळ दिवस भरायच्या आधी झालंय आणि अजून काचेच्या पेटीत आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि चूक कुणाची, तर माझी. गेल्या महिन्यात ही दात न घासता नुसता ब्रश ओला करून ठेवायची. पकडली तेव्हा मी तासभर ऐकवलं, की खोटं ते खोटं, त्यात लहानमोठं काही नसतं. लॅबमध्ये मी रक्ताचा आकडा गोड करून लिहिला तर माणूस मरेल, वगैरे. तेच तिने आता माझ्या अंगावर फेकलं. "खरं बोलले तरी ओरडतेस, खोटं बोलले तरी ओरडतेस. नक्की काय करू ते एकदा ठरवून सांग."

मग मी सुधारून सांगितलं. म्हटलं, खोटं दोन प्रकारचं असतं. एकाने कुणाचं मन राखलं जातं, दुसऱ्याने कुणाचं नुकसान होतं. पहिलं क्वचित चालतं, दुसरं कधीच नाही. तर म्हणते, "आणि एकाच खोट्याने दोन्ही झालं तर?" मी तिला गणितं सोडवायला बसवलं. दुसरं काय करणार होते? हिचे बाबा पंधरा दिवसांतून एकदा साइटवरून येतात आणि "जाऊ दे गं, लहान आहे" म्हणून परत जातात.

आईला म्हणावं, हिला एक पत्र लिही. ही फक्त आजीचं ऐकते. आईला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही पत्रं सुरू झाली, पण आता ती हिची जहागीर आहे. आजीचं पाकीट उशीखाली ठेवते, मला हात लावू देत नाही. मीही मागत नाही. आजी-नातीचं त्यांच्यात असू दे.

बाकी, हिच्या वर्गातली मैत्रीण, जिला सगळे पेन्सिल म्हणतात, ती शाळेच्या जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. ही तिच्या मागेच होती. फरशी ओली होती म्हणते. तेव्हापासून गप्प आहे, घाबरली असेल.

तुझी ताई

१९ जुलै

ताई,

उकडलेला बटाटा वाचून मी खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री धरून हसत होतो. गिऱ्हाईक अजिबात हसलं नाही.

तू उगाच डोकं पिकवून घेतेस. माझं अख्खं सलून तुझ्या पहिल्या प्रकारच्या खोट्यावर चालतं. काल एक गृहस्थ आले. डोक्यावर शंभर केस असतील, तेही एकमेकांशी बोलत नसलेले. विचारतात, "विरळ झालेत का हो?" मी म्हटलं, "विरळ नाही, मोकळे झालेत." गृहस्थ शीळ घालत गेले. कुणाचं काय बिघडलं? लॅबमध्ये तुझा नियम, आरशासमोर माझा. पोरीला दोन्ही येऊ दे.

आई मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी ठणठणीत. तुझं पत्र वाचून दाखवलं तर खूप हसली. भिंगरीला तिने लगेच लिहिलंय, सोबत जोडतो. पाकीट बंद आहे, आजीची सक्त ताकीद आहे.

तुझा धाकटा

२४ जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की काहीही असलं तरी मला सांग, म्हणून सांगते. हे फक्त तुझ्यासाठी आहे. मामाला पाकीट उघडू देऊ नकोस. तो चांगला आहे पण त्याच्या पोटात काही राहत नाही असं आई म्हणते.

पेन्सिल पडली नाही. मी ढकललं. मधली सुट्टी संपत आली होती आणि ती जिन्यावर एकेक पायरी मोजत उतरत होती. मी नुसता पाठीला हात लावला. म्हणजे लावला नाही, ढकललं. वर्गबाईंनी काय झालं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, फरशी ओली होती. फरशी कोरडी होती. पेन्सिललाही वाटतं की ती घसरली. मागे कोण होतं ते तिने बघितलं नाही.

आई म्हणते खोटं दोन प्रकारचं असतं. हे कुठलं? मला वाटतं पेन्सिलला खरं कळलं तर तिला हातापेक्षा जास्त दुखेल, कारण मी तिची मैत्रीण आहे. मग हे मन राखायचं खोटं झालं ना? पण मला तसं वाटत नाही. लवकर लिही. आईला सांगू नकोस.

तुझी भिंगरी

३० जुलै

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. कुणालाही दाखवलेलं नाही.

आता डोळे पूस. तू काही ठरवून ढकललं नाहीस. घाईत होतं असं. तुझ्या आईने लहानपणी तुझ्या मामाला ओट्यावरून ढकललं होतं, हनुवटीला तीन टाके पडले. ती आजही सांगते की तो आपणच पडला. आणि तुझा मामा आजही तिच्यावर जीव टाकतो.

आता सांगून पेन्सिलचं हाड लवकर जुळणार आहे का? नाही ना? मग झालं. तिचं दप्तर उचल, वही लिहून दे, तिला बरं वाटेल असं वाग. हे मन राखायचंच खोटं समज. थोडे दिवस टोचेल, मग टोचायचं थांबेल. पोटभर जेव आणि शांत झोप.

तुझी आजी

९ ऑगस्ट

धाकट्या,

या शाळेने वीट आणलाय. मुलीचं मनगट मोडलं आणि महिना झाला तरी कुणी जबाबदारी घेईना. शेवटी आम्ही पालकांनी अर्ज केला. मजकूर मीच लिहिला, सर्वांत वरची सहीही माझीच. जिना पुसणाऱ्या मावशीने फरशी ओली ठेवली, सूचनेची पाटी लावली नाही, असं स्पष्ट लिहिलं. सोमवारी तिला कामावरून काढलं. अकरा वर्षं होती म्हणे. म्हणत होती, "मी त्या वेळी जिना पुसलाच नव्हता." सगळे असंच म्हणतात. वाईट वाटतं, पण मी लॅबमध्ये दोन नमुन्यांची अदलाबदल केली तर मला कुणी ठेवेल का?

भिंगरीचं एक कळत नाही. जेवत नाही, पोटात दुखतं म्हणते. मी स्वतः रक्त काढून तपासलं. सगळे आकडे जिथल्या तिथे. मात्र पेन्सिलची इतकी काळजी घेते, की बघत राहावं. रोज तिचं दप्तर उचलते, तिच्या वह्या लिहून देते. मला खरंच अभिमान वाटला. आईच्या पत्राचा गुण असणार. आईचं पाकिटावरचं अक्षर बघितलं, हाताची थरथर बरीच थांबलेली दिसते. कुठलं औषध चालू केलंस?

तुझी ताई

१६ ऑगस्ट

ताई,

घाईत लिहितो, सलूनमध्ये गर्दी आहे.

त्या बाईंना काढून टाकलं हे वाचून बरं वाटलं नाही. अर्ज मागे घेता येतो का? फरशी ओली होती हे कुणी डोळ्यांनी पाहिलं का, एवढं एकदा विचारून घे. तू तर दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाहीस.

भिंगरीशी सावकाश बोल. रागावू नकोस. काही सांगितलं तर आधी पूर्ण ऐकून घे.

आईचं औषध तेच आहे.

धाकटा

२७ ऑगस्ट

आई,

आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर रागावून लिहिते आहे. धाकट्याला म्हणावं, हे पत्र तुला एका दमात वाचून दाखव, मध्येच गोड करू नकोस.

काल मी आणि भिंगरी बाजारातून येत होतो. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती शाळेची मावशी इस्त्री करताना दिसली. भिंगरीने तिथेच, रस्त्यात, उलटी केली. घरी येऊन सगळं सांगितलं. हिनेच ढकललं. फरशी कोरडी होती. मी विचारलं, इतके दिवस तोंड का शिवलं होतंस? तर उशीखालून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. "आजीने सांगितलं, हे चालणारं खोटं आहे."

आई, तू असं कसं लिहिलंस? आम्हा दोघांना तू एका चोरलेल्या खोडरबरासाठी भर उन्हात दुकानात परत पाठवलं होतंस. मी पायरीवर रडत बसले तर म्हणालीस, रडून झालं की जा. आणि माझ्या मुलीला लिहितेस, थोडे दिवस टोचेल, मग थांबेल? एका बाईची अकरा वर्षांची नोकरी गेली. माझ्या सहीने गेली. तुला जुलैत माहीत होतं. तू मला एक ओळ लिहिली असतीस तर मी तो अर्ज केला नसता.

ओट्याचं म्हणशील तर हो, मी ढकललं होतं त्याला. पण ते तुला कुणी सांगितलं?

मला उत्तर हवंय. तुझ्या हातचं.

तुझी मुलगी

३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. दाखवून उपयोग नव्हता.

'तुझ्या हातचं' उत्तर हवं, असं तू आईला लिहिलंस. आईच्या हातचं शेवटचं पत्र गेल्या डिसेंबरातलं. त्यानंतर एकदा लिहायला बसली, तर "इकडे सर्व ठीक" हीच ओळ पान भरेपर्यंत लिहिली. मग पेन ठेवून मला विचारलं, "कुणाला लिहायचं होतं?" ते पान माझ्याकडे आहे. ते पाठवायचं धैर्य झालं नाही, म्हणून तिच्या अक्षरात दुसरं लिहिलं. तिचं अक्षर मला प्रगतिपुस्तकावर तिच्या नावाने सह्या करायचो तेव्हापासून येतं. एक लिहिलं आणि मग थांबता येईना.

डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढतच जाणार. आता कधी मला ओळखते, कधी न्हावी म्हणून केस कापून घेते आणि उठताना आभार मानते.

तुला का नाही सांगितलं? सुरुवातीला तिनेच बजावलं होतं, "तिला कळवू नकोस, नोकरी सोडून धावत येईल." तिला बजावता येत होतं तोवरची गोष्ट. नंतरचं सगळं माझं. खरं सांगायचं तर ती पत्रं लिहिताना आई मला परत भेटायची. महिन्यातून दोनदा मी तिच्यासारखा बोलायचो, तिच्यासारखा रागवायचो. समोरची आई तसं बोलत नव्हती.

भिंगरीचं ते पत्र मी फोडायला नको होतं. फोडलं. मला वाटलं, पोरांची ढकलाढकली आहे, हाड जुळेल, पोरगी जेवायला लागेल. मावशीचं तुझ्या पत्रातून कळलं, तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. सांगायचं तर आधी हे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून आडून आडून लिहिलं. भित्रेपणा होता, दुसरं नाव नाही.

ओट्याचं मला माहीत होतं. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकटा

२२ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्याकडे चार दिवस राहिले आणि तुझ्याशी धड बोलले नाही, म्हणून हे पत्र. समोर तोंड उघडलं असतं तर शेजारपाजार गोळा झाला असता.

आईने मला 'अहो' म्हटलं. "बसा ना, दमून आला असाल." बावन्न वर्षांत ती मला 'अगं' सोडून काही म्हणाली नव्हती. मी बसले, आणि तिने माझ्या गावची हवा कशी आहे ते विचारलं. तू स्वयंपाकघरात भांडी घासत उभा होतास. ती भांडी घासून झालेली होती, मला दिसत होतं.

मेमध्ये मी आठ दिवसांची रजा घेऊन तिच्याकडे येणार होते. तेव्हा 'तिचं' पत्र आलं. इकडे फार उकाडा आहे, पोरीला घेऊन येऊ नका, त्यापेक्षा समुद्रावर जा. आम्ही समुद्रावर गेलो. वाळूत शंख गोळा केले आणि तिला पाठवले. 'तिने' छान लिहिलं शंखांबद्दल. धाकट्या, ती आठ दिवसांची रजा कुणी परत देईल का? तुझ्या गिऱ्हाइकाचे केस मोकळे झाले म्हणून कुणाचं बिघडलं नाही, मान्य. माझं बिघडलं.

एकाच प्रश्नाचं उत्तर दे. मेमध्ये तिला मी आठवत होते का? गोड करून लिहू नकोस.

इथलंही सांगते. भिंगरीला घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता नवीन बाई कामाला लागली आहे, मुलगीही लहान आहे, तिच्या मनावर परिणाम होईल, कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, परिणाम झालेलाच आहे. तीन फेऱ्या मारल्या. दर वेळी नवं कारण. चौथ्या फेरीला मी हलणार नाही म्हणून खुर्चीत बसून राहिले, तेव्हा कुठे लेखी कागद दिला, की मावशीची चूक नव्हती आणि हवं तर तिने परत यावं.

तो कागद घेऊन मावशीच्या घरी गेलो. भिंगरीने सगळं सांगितलं, न अडखळता. मीही सांगितलं, की अर्ज माझा होता. बाई रागावली नाही, हे जास्त लागलं. कागदाची घडी घालून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "मला अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतं. तुम्ही माझ्या घरात येऊन हळूच सांगताय." तिने दार लावलं नाही, आम्हीच निघालो.

जाताना भिंगरीने विचारलं, आपण हे नीट केलं का? मला नाही म्हणावं लागलं.

ताई

२६ सप्टेंबर

ताई,

मेमध्ये तिला तू आठवत होतीस. जूनच्या मध्यापर्यंत आठवत होतीस. "या वर्षी आली नाही पोरगी," असं दोनदा म्हणाली.

धाकटा

५ ऑक्टोबर

मामा,

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आई म्हणाली की न बोलून राग सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं. सकाळी सगळे वर्ग रांगेत असतात तेव्हा. मुख्याध्यापिका नको म्हणत होत्या. मी घाबरून फार भराभर बोलले, म्हणून मागच्या रांगांनी 'मोठ्याने' असं ओरडलं आणि मला सगळं परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं. मावशीचं नाव घेऊन सांगितलं, की तिची काही चूक नव्हती. आईने हे मावशीला जाऊन सांगितलं. मावशी परत शाळेत आली नाही. आई म्हणाली, तिला इस्त्रीचं काम आवडत असेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आवडतं का ते मला माहीत नाही, मी उगाच म्हटलं." आई हल्ली असं मध्येच थांबून दुरुस्त करते.

पेन्सिल माझ्याशी बोलत नाही. तिने जागा बदलून घेतली. तिचं प्लास्टर निघालं. त्यावर मी काढलेलं फूल होतं, ते पण गेलं.

आता तुझं. मी आजीला सांगितलं होतं आणि तू ऐकलंस. मला वाटत होतं आजीला माझं सगळं माहीत आहे. तिला काहीच माहीत नाही. तू 'कुणालाही दाखवलेलं नाही' असं लिहिलंस. मामा, ते दोन्ही प्रकारांत बसत नाही.

ती सगळी पत्रं मी फाडणार होते. फाडली नाहीत, कारण त्यातले विनोद चांगले आहेत. चौदा आहेत. सगळी सोबत पाठवते. प्रत्येकावर 'तुझी आजी' खोडून स्वतःचं लिही आणि परत पाठव. मग मी तुझ्याशी बोलेन. नोव्हेंबरच्या सुट्टीत मला तुमच्याकडे राहायचं आहे. आई म्हणते, तू हो म्हणालास तर.

भिंगरी

१२ ऑक्टोबर

भिंगरे,

चौदाही परत पाठवतोय. खोडायला वेळ लागला, पण खोडलं. तिसऱ्या पत्रात आजीचा म्हणून जो विनोद आहे तो खरंच आजीचा आहे, माझा नाही. तिथे समासात तसं लिहिलंय.

ये. आजी कशी आहे ते आधी सांगतो, म्हणजे इथे येऊन दचकणार नाहीस. ती तुला ओळखणार नाही. एकच गोष्ट दिवसात वीस वेळा विचारेल. कधी रडेल, आणि का रडते ते तिला सांगता येणार नाही. मला कंटाळा येतो, मी चिडतो, एकदा तिच्यावर ओरडलोही. हे तुझ्या आईला लिहिलेलं नाही. तू सांगितलंस तरी चालेल.

तुझा मामा

१४ नोव्हेंबर

प्रिय आई,

मला इथे येऊन नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस मला परत यायचं होतं. आजी मला रोज विचारते, कुणाची गं तू? मी रोज सांगते. एकदा मी कंटाळून म्हटलं, अगं आत्ताच सांगितलं ना. तर ती गोंधळून हात चोळत बसली. मला फार राग आला, कुणाचा ते कळलं नाही. मामा म्हणाला, त्यालाही कळत नाही.

मी आजीचं पत्र लिहून घ्यायचं ठरवलं. नियम केला, की ती बोलेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. मामा म्हणाला, असल्या पत्रात काय असणार? मी म्हटलं, जे असेल ते. मग तो पण कात्री ठेवून ऐकायला बसला. हे बघ:

"खिडकी लाव. ऊन आलं. नको, असू दे, उघडी ठेव. ही मुलगी फार हळू लिहिते. पेन चांगलं आहे. मला पोळी नको, मघाशीच खाल्ली. हा माणूस केस छान कापतो, ह्याला कुणी आहे का? बिचारा एकटाच बोलतो. एक मुलगी होती, ती भांडायची. कुणालाही घाबरायची नाही. दुकानात गेली आणि परत देऊन आली, मग पायरीवर बसून राहिली, घरात येईना. मी तिला बोलवायला गेले नाही. जायला हवं होतं. लिहिलंस का? वाच."

मी वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "बरोबर आहे." मामा उठून बाहेर गेला.

आई, ह्याच्यानंतर ती आणखी एक वाक्य बोलली, तुझ्याबद्दलच. ते मी लिहिलेलं नाही, कारण तुला लागेल असं मला वाटतं. मामालाही ऐकू आलं नाही. पण ते सोडलंय हे मी तुला सांगते आहे, म्हणजे पत्र पूर्ण आहे असं तुला वाटायला नको. मला ते पाठ आहे. तू विचारलंस तर जसंच्या तसं सांगेन.

भिंगरी

१८ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्र मिळालं. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. विचारणार आहे. सांगताना माझ्या शेजारी बस.

आई